उघड्यावरील गॅसशेगडी : दहन, प्रारण आणि मोकळी हवा

बुलढाणा जिल्ह्याचे घाटाखालचा आणि घाटावरचा असे दोन भाग पडतात हे शाळेतील भूगोलापासून आपल्या परिचयाचे आहे. पण या विभागणीचा प्रत्यय खऱ्या अर्थाने येतो तो मार्गशीर्षातील एखाद्या संध्याकाळी. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांच्या आसपास, तर बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास आहे. राजूर घाट चढून मोटार वर आली की काच वर करावी लागते. डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचे तपमान दहा अंश सेल्सिअसच्या जवळपास येते आणि काही वर्षी त्याच्याही खाली उतरते. उत्तरेकडील देशांच्या मानाने ही थंडी किरकोळ होय. परंतु आपली घरे, कपडे आणि समारंभ यांची रचना उन्हाळा गृहीत धरून झालेली असल्यामुळे तीच थंडी आपणांस अधिक जाणवते, आणि उघड्यावर बसलेल्या वृद्धांना व लहान मुलांना तर ती सोसवत नाही.

या थंडीवरचा परंपरागत उपाय म्हणजे शेकोटी. पऱ्हाटी, तुराट्या, बोराटीची फांदी, जे हाताशी असेल ते पेटवावयाचे आणि भोवती बसावयाचे. गेल्या काही वर्षांत मात्र मंगल कार्यालयांच्या लॉनवर, हॉटेलांच्या अंगणांत आणि स्वागतसमारंभांच्या मांडवांत एक निराळे साधन दिसू लागले आहे. माणसाहून उंच लोखंडी खांब, त्याच्या शिरावर जाळीचा तापून लाल होणारा दंडगोल, त्यावर पत्र्याची छत्री आणि तळच्या डब्यात दडवलेली गॅसची टाकी. मांडववाले त्यास नुसते ‘हीटर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘उभी गॅसशेगडी’ म्हटले आहे. हे साधन चालते कसे, बिघडते कसे, आणि कोणत्या परिस्थितीत ते प्राणघातक ठरू शकते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगणे सोयीचे होईल. या शेगडीला धुराडे नसते. जळून निघालेले सर्व वायू ती सभोवारच्या हवेत सोडते आणि जळण्यासाठी लागणारा सर्व प्राणवायूही त्याच हवेतून घेते. म्हणजे मोकळी हवा हा या यंत्राचाच एक भाग आहे. खांब, ज्वालक, नळी यांच्याइतकाच आवश्यक. मात्र तो भाग कारखान्यातून येत नाही, तो आपण पुरवावयाचा असतो. आणि नेमका तोच भाग आपल्या नकळत काढून घेतला जातो.

हे घडते ते असे. गेल्या हिवाळ्यात चिखलीच्या बाजूस एका लग्नास गेलो असता, रात्री नऊनंतर वारा सुटला म्हणून मांडवाच्या चारी बाजूंच्या कनाती खाली सोडण्यात आल्या. आत अशा दोन शेगड्या पेटलेल्या होत्या. “भाऊ, एक बाजू तरी उघडी ठेवा,” असे मी काम करणाऱ्यास म्हणालो. “सर, कनात सोडल्याबिगर ऊब टिकत नाही,” असे त्याने उत्तर दिले. त्याचे म्हणणे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होते, आणि खरी अडचण तीच आहे. ऊब टिकविण्यासाठी जे करावे लागते तेच हवा कोंडण्यासाठीही पुरेसे असते.

किती पुरेसे, याचा हिशेब पदवीपूर्व रसायनशास्त्राच्या आधारे करता येतो. आपल्या टाकीतील वायू हे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण होय. प्रोपेनच्या एका रेणूस पूर्ण जळण्यासाठी प्राणवायूचे पाच रेणू लागतात, ब्युटेनला साडेसहा. यावरून एक किलोग्रॅम वायू जाळण्यास सुमारे साडेबारा घनमीटर हवा लागते, आणि त्यापासून सुमारे तीन किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड व दीड किलोग्रॅमहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. मोठ्या उभ्या शेगडीची क्षमता तेरा किलोवॅटच्या आसपास असते. वायूचा उष्मांक किलोग्रॅमला सुमारे ४६ मेगाजूल धरला, तर पूर्ण ज्योतीवर ती ताशी सुमारे एक किलोग्रॅम वायू जाळते. (एकोणीस किलोच्या टाकीत ती अठरा-वीस तास चालते हा व्यावसायिकांचा ठोकताळा याच्याशी जुळतो.)

आता सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असा कनातींनी बंद केलेला मांडवाचा एक खण कल्पावा. त्यात १०८ घनमीटर हवा आहे व तीत सुमारे साडेबावीस घनमीटर प्राणवायू आहे. बाहेरची हवा मुळीच आत येत नाही असे मानले, तर एक शेगडी एका तासात यांपैकी सुमारे पावणेतीन घनमीटर प्राणवायू खर्च करील. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साडेअठरा टक्क्यांवर येईल आणि कार्बन डायऑक्साइड दीड टक्क्यावर जाईल. दोन शेगड्या असतील तर हे सारे अर्ध्या तासात होईल. आत बसलेल्या पन्नास माणसांचा श्वासोच्छ्वास या हिशेबात धरलेला नाही. कापडी कनात हवाबंद नसते, तिच्या खालून व वरून हवा येतेच, हे खरे. म्हणूनच अशा मांडवांत दर वर्षी अनर्थ घडत नाहीत. परंतु हल्ली कापडाऐवजी प्लॅस्टिकचे पारदर्शक पडदे लावण्याची पद्धत आली आहे, आणि ते पडदे जमिनीशी वाळूच्या पोत्यांनी दाबून ठेवतात. त्या पडद्यांच्या बाबतीत वरील गृहीतक वस्तुस्थितीच्या बरेच जवळ येते.

प्राणवायू साडेअठरा टक्क्यांवर आला म्हणजे माणूस गुदमरतो असे नाही. बिघडते ते ज्योतीचे. प्राणवायू अठरा टक्क्यांच्या आसपास आला की दहन अपुरे होऊ लागते आणि कर्बाचा काही अंश कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. घरातील वापरासाठी असलेल्या काही वायुतापकांत प्राणवायूचे प्रमाण या पातळीस येताच वायू बंद करणारी योजना असते, ती याच कारणासाठी. उघड्यावर वापरावयाच्या शेगडीत ती सहसा नसते, कारण उघड्यावर तिची गरज पडू नये असे तिच्या रचनाकाराने धरलेले असते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो श्वासात गेला तरी घशास खवखव होत नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी त्याचे आकर्षण प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असल्यामुळे हवेतील त्याचे अल्प प्रमाणही रक्तातील प्राणवायूची जागा बळकावते. हवेत ०.१६ टक्के कार्बन मोनॉक्साइड असता वीस मिनिटांत डोके दुखू लागते, मळमळते, भोवळ येते. आणि एक-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. यातील सर्वांत फसवे लक्षण म्हणजे गुंगी. ऊबदार जागेत, जेवणानंतर, रात्री उशिरा येणारी गुंगी कोणासही संशयास्पद वाटत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळातून गेलेले आठ पर्यटक एका विश्रामगृहाच्या खोलीत मृत्युमुखी पडले. त्यांत चार मुले होती. खोलीत गॅसचा हीटर होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. डोंगरावरील बोचरी थंडी, मुलांची काळजी आणि एका रात्रीचा प्रश्न: त्या पालकांनी जे केले ते आपल्यापैकी कोणीही केले असते. ही घटना मांडवातील नाही, खोलीतील आहे. पण भौतिक दृष्ट्या पडदे जमिनीशी दाबलेला मांडव आणि बंद खोली यांत फरक केवळ मापाचा आहे.

येथे शेकोटीशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. शेकोटीतही कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, आणि गॅसशेगडीपेक्षा कितीतरी अधिक. तरीही पऱ्हाटीची शेकोटी कोणी कनातींच्या आत पेटवीत नाही. कारण उघड आहे: धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणसे आपण होऊन बाहेर पडतात. धूर हा शेकोटीचा दोष समजला जातो, पण तोच तिचा पहारेकरी आहे. (निखारे फुललेली कोळशाची शेगडी घरात घेणे म्हणूनच अधिक घातक, तेथेही धूर संपलेला असतो.) गॅसची ज्योत निर्धूर असते. एवढेच नव्हे, तर वायू गळला असता कळावा म्हणून त्यात मिसळलेले एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्यही ज्योतीत जळून जाते. त्यामुळे न जळलेल्या वायूची वर्दी नाकास मिळते, पण अर्धवट जळलेल्या वायूची मिळत नाही. गॅसचा वास येत नाही, तेव्हा सर्व काही ठीक आहे, हा समज त्यामुळेच चुकीचा ठरतो. घरोघरी गॅस पोहोचल्यामुळे, विशेषतः २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर, वासाविषयीची सावधगिरी ग्रामीण भागातही रुजली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. दुसऱ्या धोक्याविषयी तसे म्हणता येत नाही.

आता शेगडी ऊब देते कशी ते पाहू, कारण ती ठेवावी कोठे हे त्यावर अवलंबून आहे. मोकळ्या हवेत हवा तापविणे व्यर्थ असते. तापलेली हवा अभिसरणाने वर निघून जाते. म्हणून या यंत्रात जाळी तापवून तिच्याकडून अवरक्त प्रारण मिळविलेले असते. स्टेफान यांनी १८७९ साली प्रयोगावरून मांडलेल्या व बोल्ट्झमान यांनी १८८४ साली सिद्धान्तरूपाने प्रस्थापित केलेल्या नियमानुसार हे प्रारण निरपेक्ष तपमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. लाल तापलेल्या जाळीला महत्त्व आहे ते यामुळे. जाळीचे निरपेक्ष तपमान दहा टक्क्यांनी घटले तरी प्रारण सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. वरची छत्री प्रारण खाली परावर्तित करते. ती काळवंडली वा गंजली की यंत्र तेवढाच वायू जाळते, पण ऊब आकाशास जाते.

प्रारण अंतराबरोबर त्वरेने घटते. ढोबळ मानाने दोन मीटरांवर ते एका मीटरावरील प्रारणाच्या चौथाईइतके असते. याचा व्यवहारातील अर्थ दुहेरी आहे. दूर बसलेल्या पाहुण्यास ऊब पोहोचत नाही म्हणून ज्योत वाढविण्यात अर्थ नाही. आणि उलट बाजूने, शेगडीला फूटभर अंतरावर लोंबणारी झालर कित्येक पट अधिक उष्णता घेत असते. बहुतेक उत्पादक बाजूंनी सुमारे एक मीटर मोकळी जागा ठेवावी असे सांगतात. आपल्याकडील मांडवांची सजावट पाहता, म्हणजे कृत्रिम धाग्यांचे पडदे, थर्माकोलची कमान, वाळलेल्या झेंडूच्या माळा ही सारी सामग्री लक्षात घेता, हे अंतर दीड-दोन मीटर धरावे आणि शेगडीच्या माथ्यावर कापडाचे छत असूच नये, असे माझे मत आहे. वाऱ्याने झालर हलते. अंतर मोजावयाचे ते झालर जास्तीत जास्त जेथवर येऊ शकते तेथून.

या शेगड्यांच्या उधळपट्टीविषयीही एक वाक्य लिहिले पाहिजे. तेरा किलोवॅटमधील मोठा भाग कोणाच्याही अंगास न लागता आकाशात जातो. फ्रान्सने याच कारणास्तव उपाहारगृहांच्या बाहेरील अशा तापकांवर २०२२ पासून बंदी घातली. वृद्ध पाहुण्यांच्या खांद्यांवर घोंगडी टाकण्याचा उपाय स्वस्त आहे, आणि त्यास धुराडे लागत नाही.

शेगडीच्या अंतर्भागातील सर्वांत महत्त्वाचा अवयव आकाराने सर्वांत लहान आहे, तो म्हणजे तपयुग्म. दोन भिन्न धातूंच्या सांध्यास उष्णता दिली असता विद्युत् प्रवाह निर्माण होतो हा झेबेक यांचा १८२१ सालचा शोध येथे पहारा देतो. मुख्य ज्वालकाजवळ एक लहानशी ज्योत सतत जळत असते. तीत तपयुग्माचे टोक असते. त्यातून निर्माण होणारा वीसतीस मिलिव्होल्टचा दाब एका चिमुकल्या विद्युत् चुंबकास पुरतो, आणि तो चुंबक वायूची झडप उघडी धरून ठेवतो. वाऱ्याने ज्योत विझली की तपयुग्म थंड होते, चुंबक सुटतो, झडप बंद होते. शेगडी पेटविताना बटण अर्धा मिनिट दाबून धरावे लागते ते तपयुग्म तापावे म्हणून. ज्योत विझल्यापासून झडप पडेपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट जाते व तेवढ्या वेळात दहाबारा ग्रॅम वायू निसटतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो.

या रचनेचा शत्रू म्हणजे घाई. तपयुग्मावर काजळी बसली, ते जागचे हलले किंवा जुने झाले, तर बटण सोडताच ज्योत विझते. मग कोणी बटणास दोरी बांधतो, कोणी खिट्टी ठोकतो. असे केलेली शेगडी त्या रात्री उत्तम चालते. परंतु वाऱ्याच्या पहिल्या झोताने ज्योत विझल्यावर ती ताशी एक किलोग्रॅम कच्चा वायू सोडीत राहते. तपयुग्म हा स्वस्त सुटा भाग आहे. तो बदलेपर्यंत शेगडी वापरू नये. शेगडी कलंडल्यास वायू बंद करणारी कळ काही नमुन्यांत तळाशी असते. ती चालते की नाही हे न पेटविता, नुसते तिरपे करून ऐकता येते.

कच्चा वायू कोठे जातो हा प्रश्न घाटावरील उताराच्या जमिनीत विशेष महत्त्वाचा आहे. प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट व ब्युटेनची दुपटीने जड असते. म्हणून गळलेला वायू वर जात नाही. रात्री थंड हवा जशी उताराने नाल्यात उतरते तसाच तो जमिनीलगत सखल बाजूस सरकतो. एक किलोग्रॅम वायूची वाफ सुमारे अर्धा घनमीटर होते; हवेत तिचे प्रमाण सुमारे १.८ ते ९.५ टक्के असता ते मिश्रण पेट घेते. म्हणजे एका किलोग्रॅमपासून पंचवीस घनमीटरांचे ज्वालाग्राही मिश्रण होऊ शकते. आता समारंभाच्या जागेवर सखल भागात सहसा काय असते ते आठवावे: आचाऱ्यांच्या भट्ट्या. धूर पाहुण्यांकडे येऊ नये म्हणून त्या मागे व खाली ठेवलेल्या असतात. शेगड्या व टाक्या भट्ट्यांच्या वरच्या अंगास ठेवणे म्हणजे गळतीस वाट आखून देणे होय. शेगडी सपाट व पक्क्या जमिनीवर, नाली, खड्डा, तळघराचा जिना यांपासून दूर असावी. लग्नाच्या धामधुमीत हे ठरविण्यास कोणासही सवड नसते. म्हणून ते मांडव घालतानाच ठरले पाहिजे.

टाकीविषयी काही गोष्टी. लाल रंगाची १४.२ किलोची टाकी घरगुती वापरासाठी असते. समारंभात तिचा वापर २००० सालच्या वितरणविषयक आदेशान्वये निषिद्ध आहे. व्यावसायिक टाकी १९ किलोची व निळी असते. टाकीच्या कड्यास जोडणाऱ्या पट्टीवर आतील बाजूस एक अक्षर व दोन आकडे असतात. ए, बी, सी, डी ही वर्षाच्या चार तिमाह्यांची खूण होय; ‘बी-२८’ याचा अर्थ जून २०२८ अखेर त्या टाकीची पुढील चाचणी व्हावयाची आहे. मुदत उलटलेली टाकी परत करावी. टाकी नेहमी उभीच ठेवावी. आडवी केल्यास रेग्युलेटरमध्ये वाफेऐवजी द्रव शिरतो, आणि द्रवाची वाफ होताना आकारमान सुमारे अडीचशे पटींनी वाढत असल्यामुळे ज्योत एकाएकी भडकते. नळी रबराची, आत तारेचे जाळे असलेली ‘सुरक्षा’ जातीची असावी आणि पाच वर्षांनी, तडे नसले तरी, बदलावी. प्रत्येक वेळी टाकी जोडल्यावर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून गळती शोधण्याची पद्धत अद्याप नाहीशी झालेली नाही, म्हणून तिचा निषेध येथे नोंदवितो.

रात्री उशिरा शेगडी मंद होते व टाकीच्या बाहेरून दव, क्वचित् हिमकण जमतात, हा अनुभव अनेकांस असेल. यात बिघाड काही नाही. एक किलोग्रॅम द्रवाची वाफ होण्यास ३५० ते ४०० किलोजूल सुप्त उष्णता लागते; म्हणजे ताशी एक किलोग्रॅम वायू देणाऱ्या टाकीने सभोवारच्या हवेतून सतत शंभर वॅट उष्णता घेतली पाहिजे. हवाच दहा अंशांवर असेल आणि टाकीत द्रव थोडा उरला असेल, तर तिला तेवढी उष्णता मिळत नाही. ती गार पडते, आतील दाब घटतो. त्यातच प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश व ब्युटेनचा उणे अर्धा अंश असल्यामुळे प्रोपेन आधी निघून जातो आणि शेवटी मागे मुख्यतः ब्युटेन राहतो, जो थंडीत आळशी असतो. यावर टाकीवर उकळते पाणी ओतणे, तिच्या बुडाशी निखारे सरकविणे असे उपाय केले जातात. ते कदापि करू नयेत. ज्योत कमी ठेवावी, अथवा भरलेली टाकी जोडावी. ती बदलताना शेगडी पूर्ण विझवून, लोकांना दूर करून बदलावी. टाकी रिकामी होत आली की आणखी एक बदल घडतो व तो सहसा लक्षात येत नाही. तळचे वजन कमी होते, गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि छत्रीवर वारा तेवढाच असतो. म्हणून तळातील पोकळीत वाळू अथवा पाणी भरण्याची जी सोय असते ती वापरावी, व पडद्यांचा फडफडाट ऐकू येऊ लागला की शेगडी विझवावी.

देखभालीचा काळ आपल्या पंचांगात आयताच ठरलेला आहे: दिवाळी ते तुळशीचे लग्न. लग्नसराई सुरू होण्यापूर्वीचे हे दिवस होत. आठ-नऊ महिने गोदामात पडलेल्या शेगडीत प्रथम पाहावयाची ती हवेची वाट. वायू सूक्ष्म छिद्रातून वेगाने निघताना बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेतो. या नळीत कोळी जाळे करतात, आणि कुंभारमाशीला तर असली भोके घरट्यासाठी फार पसंत पडतात. खामगाव-मलकापूरकडे जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारा कापसाचा तंतूही येथेच अडकतो. वाट अर्धी बुजली की वायूत हवा कमी मिसळते, निळी ज्योत पिवळी होते, जाळीवर काजळी धरते, आणि उघड्या माळावरही कार्बन मोनॉक्साइड वाढतो. नळी मऊ ब्रशाने व हवेच्या झोताने स्वच्छ करावी. वायूच्या छिद्रात मात्र सुई वा तार घालू नये. छिद्र किंचित् जरी रुंदावले तरी वायूचे प्रमाण कायमचे वाढते. जाळीस भोक पडले असेल, छत्रीचे स्क्रू ढिले असतील, खांब तळाशी गंजला असेल, तर ते त्याच वेळी पाहावे. नंतर शेगडी उघड्यावर पेटवून पंधरा मिनिटे जळू द्यावी व अंधारात ज्योतीचा रंग पाहावा. दिवसाउजेडी पिवळेपणा नीट दिसत नाही. विझलेली शेगडी पुन्हा पेटविण्यापूर्वी पाच मिनिटे थांबावे.

अपघातप्रसंगी काय करावे हे थोडक्यात सांगता येईल. वायूचा वास आला तर टाकीची झडप बंद करावी, विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, सखल बाजूच्या भट्ट्या विझवाव्यात, आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. पडद्याने पेट घेतला आणि झडपेपर्यंत पोहोचता येत असेल तर आधी झडप, मग आग. एकाच मांडवातील दोघाचौघांचे डोके एकदम दुखू लागले, तर ते अपचन किंवा जागरण समजू नये. सर्वांस बाहेर मोकळ्या हवेत आणावे, शेगड्या विझवाव्यात, व जो गुंगीत असेल त्याच्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांस शेगडीचा उल्लेख अवश्य करावा. अशा रुग्णाचा चेहरा फिकट न दिसता कधी कधी लालसर दिसतो, आणि बोटास लावावयाचे प्राणवायूमापक यंत्र कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हीमोग्लोबिन ओळखू शकत नसल्याने भरवशाचा आकडा दाखवून फसविते.

अखेरीस आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हाती घेता येण्याजोग्या एका कामाचा निर्देश करतो. वर दिलेला प्राणवायूचा हिशेब पूर्णपणे बंद जागेचा आहे. प्रत्यक्ष मांडवात हवा किती वेळा बदलते हे मोजल्याशिवाय त्यावरून व्यवहारोपयोगी नियम सांगता येणार नाही. हे मापन अवघड नाही. शेगडी न पेटविता, रिकाम्या मांडवात कार्बन डायऑक्साइड थोडा सोडून त्याचे प्रमाण काळाबरोबर कसे घटते याची नोंद केली, तर घटीच्या घातांकावरून हवाबदलाचा वेग मिळतो. कापडी कनात, प्लॅस्टिकचा पडदा, एक बाजू उघडी, दोन बाजू उघड्या, आणि खालची फूटभर फट अशा पाच स्थितींत, एकदा घाटावर व एकदा घाटाखाली, शांत व वाऱ्याच्या रात्री ही मापने घ्यावीत. किती उघडे ठेवले म्हणजे ‘उघडे’, हा मांडववाल्याचा प्रश्न रास्त आहे. त्यास द्यावयाचे उत्तर मीटरांत हवे. तोवर दोन समोरासमोरच्या बाजू जमिनीपासून छतापर्यंत मोकळ्या, एवढा नियम मी स्वतः सांगतो, आणि तो मापनावर नव्हे तर सावधगिरीवर आधारलेला आहे.